बोलका कॅल्क्युलेटर: बोटांच्या गणिताकडून कानाच्या गणिताकडे

बोलका कॅल्क्युलेटर म्हणजे दाबलेल्या कळीचे नाव आणि हिशेबाचे उत्तर आवाजात सांगणारे गणनयंत्र. हातात मावेल असे पहिले बोलके यंत्र ‘स्पीच प्लस’ या नावाने 1976च्या सुमारास कॅलिफोर्नियातील टेलेसेन्सरी सिस्टिम्स या कंपनीने विक्रीला आणले. दृष्टिहीन माणसाला आपल्या बेरजेचे उत्तर आपल्यालाच, शेजाऱ्याला न विचारता कळावे, एवढाच त्याचा उद्देश होता. या यंत्राआधी अडीचशे वर्षे दृष्टिहीन विद्यार्थी बोटांनी गणित करत होते. त्या काळातली साधने यंत्र आल्यावरही बाद झाली नाहीत. ती अजून शाळेत आहेत, आणि का आहेत हे कळले की यंत्राचे मोल आणि मर्यादा दोन्ही समजतात.

डोळस मूल कागदावर आकडे मांडते ते मुख्यतः लक्षात ठेवण्याचे ओझे हलके व्हावे म्हणून. हातचा वर लिहायचा, एककाखाली एकक, दशकाखाली दशक ठेवायचे, मधली ओळ विसरली तरी ती कागदावर असते. दृष्टिहीन मुलाला विचार करता येत नाही अशी अडचण कधीच नव्हती. अडचण मधले आकडे ठेवायला जागा नसण्याची होती. त्यामुळे या क्षेत्रातले प्रत्येक शोधलेले साधन मुळात आकडे ठेवण्याची एक जागा आहे.

अशी जागा स्वतःसाठी तयार करणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध माणूस निकोलस सॉन्डरसन. यॉर्कशरमधल्या थर्लस्टन गावी 1682 मध्ये जन्मलेल्या या मुलाची दृष्टी वर्षभराच्या वयातच देवीच्या आजाराने गेली. पुढे तो केंब्रिजला गणित शिकवू लागला आणि 1711 मध्ये न्यूटनने भूषवलेल्या ल्युकेशियन प्राध्यापकपदावर त्याची नेमणूक झाली. प्रकाशशास्त्रावरही तो व्याख्याने देत असे. त्याच्याकडे चौकोन आखलेली एक लाकडी फळी होती. प्रत्येक लहान चौकोनात नऊ भोके: एक मध्यभागी, बाकीची आठ कडेने. टाचण्या दोन प्रकारच्या, मोठ्या डोक्याच्या आणि लहान डोक्याच्या. मधल्या भोकात एकटी मोठी टाचणी म्हणजे शून्य, एकटी लहान म्हणजे एक. मध्ये मोठी असताना लहान टाचणी कडेच्या आठांपैकी ज्या भोकात असेल त्यावरून 2 ते 9 यांपैकी अंक ओळखायचा. बोटे फिरवून तो संपूर्ण गणित वाचू शके, आणि टाचण्यांभोवती रेशमी धागा ताणून त्याच फळीवर भूमितीच्या आकृत्याही काढी. 1739 मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्याचा बीजगणितावरचा ग्रंथ निघाला, त्यात या स्पर्शगणिताचे वर्णन जोडले होते. फ्रान्समध्ये दीदरोने 1749 मध्ये दृष्टिहीनांविषयी जे पत्ररूप पुस्तक लिहिले त्यातही ही फळी आली आणि तिची ख्याती युरोपभर झाली.

सॉन्डरसनची फळी एका बुद्धिमान माणसाने स्वतःपुरती केलेली सोय होती. वर्गातल्या वीस मुलांना पुरेल असे साधन लागले ते दृष्टिहीनांच्या शाळा निघाल्यावर. पॅरिसमध्ये व्हॅलेंतँ आऊई यांनी 1785च्या आसपास शाळा सुरू केली, मग इंग्लंडमध्ये एकेक शाळा उघडत गेली. यॉर्कच्या शाळेचे रेव्हरंड विल्यम टेलर यांनी 1830च्या दशकाच्या उत्तरार्धात जी चौकट तयार केली ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. टेलर फ्रेममध्ये आठ कोनांच्या ताऱ्यासारखी भोके ओळीने असतात. त्यांत चौकोनी दांड्याचे धातूचे टाइप बसतात. टाइपच्या एका टोकावर उंचवट्याची रेघ, दुसऱ्या टोकावर दोन टिंबे. भोकात टाइप आठ दिशांनी बसवता येतो, म्हणजे एकाच टाइपातून सोळा खुणा मिळतात. रेघेच्या टोकाने 1 ते 8, टिंबांच्या टोकाने 9, 0 आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बरोबर यांची चिन्हे. बीजगणितासाठी वेगळ्या खुणांचे टाइप आले. दोनशे वर्षांच्या आसपास होत आलेल्या या रचनेची हुशारी अशी की मुलाला टाइपांची निवड करावी लागत नाही. डब्यात हात घालून हाताला येईल तो टाइप उचलायचा आणि फक्त वळवायचा. टाइप जमिनीवर पडला तर तो शोधणे जिकिरीचे असते आणि लांबलचक भागाकारात वेळ फार जातो. तरीही एककाखाली एकक ठेवण्याची सोय, म्हणजे उभी मांडणी, शाळेतल्या मुलांना प्रथम या चौकटीने दिली.

ब्रेल लिपीने ही गरज का भागली नाही, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. लुई ब्रेल यांनी 1829 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि तीत अंकही होते: अंकचिन्ह लावले की पहिली दहा अक्षरे अंक होतात. वाचायला हे उत्तम होते. पण पाटी आणि शलाका वापरून ब्रेल लिहिताना कागदाला मागून टोचावे लागते, उजवीकडून डावीकडे. टिंबे उमटतात ती कागदाच्या दुसऱ्या बाजूला. नुकताच लिहिलेला आकडा वाचायचा तर कागद काढून उलटावा लागतो, आणि तो पुन्हा त्याच जागी बसेलच असे नाही. बेरजेत हातचा धरताना प्रत्येक रकान्याला असा कागद उलटत बसणे शक्य नव्हते. ब्रेलची यांत्रिक टंकलेखन यंत्रे आल्यावर टिंबे लगेच बोटाखाली येऊ लागली, पण ती महाग होती आणि भारतातल्या बहुतेक शाळांत ती मोजकीच असत.

भारतात दृष्टिहीनांची पहिली शाळा 1887 मध्ये अमृतसरला मिशनरी अॅनी शार्प यांनी काढली. मुंबईत 1900 मध्ये अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपाला आली. 1902 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली. पाश्चात्त्य शाळांबरोबर टेलर फ्रेमही इकडे आली. महाराष्ट्रातल्या दृष्टिहीन मुलांना एक गोष्ट मात्र आयती मिळाली होती. मराठी शाळांत पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सारे तोंडपाठ करवून घेत. दुकानातला हिशेब, कापडाचे माप, धान्याचा भाव यांतली बरीचशी आकडेमोड या पाठांतरावर चाले आणि तिला कागद लागत नसे. कानाने शिकलेले हे गणित दृष्टिहीन मुलाला डोळस मुलाइतकेच खुले होते. पाठांतराची ही परंपरा शाळांतून ओसरत गेली तशी ही समान जागाही आकसली, याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी झालेली नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत दोन मोठी कामे झाली. पहिले अब्राहम नेमेथ यांचे. ते जन्मतः दृष्टिहीन. गणिताची ओढ असूनही दृष्टिहीन माणसाला त्यात नोकरी मिळणार नाही म्हणून त्यांना मानसशास्त्राकडे वळवण्यात आले आणि 1942 मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून त्या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतली. पण ते गणिताकडे परतले, पुढे डेट्रॉइट विद्यापीठात अनेक वर्षे शिकवले, आणि स्वतःच्या अभ्यासासाठी तयार केलेली ब्रेल गणितलिपी 1952 मध्ये प्रसिद्ध झाली. घातांक, अपूर्णांक, मुळे, संकलनाची चिन्हे हे सारे सहा टिंबांत मांडता येऊ लागले. भारतातही वरच्या वर्गांचे गणित ब्रेलमध्ये लिहिण्यासाठी हीच लिपी वापरात आली.

दुसरे काम केंटकी राज्यातल्या टिम क्रॅनमर यांचे. जपानी सोरोबान हा मण्यांचा अॅबॅकस वेगवान असतो, पण त्याचे मणी इतके सहज सरकतात की बोटाने वाचू जावे तर आकडाच बदलतो. क्रॅनमर यांनी मण्यांमागे फेल्टचा थर बसवला. त्यामुळे मणी ढकलला तरच हलतो, नुसत्या स्पर्शाने हलत नाही. 1962 मध्ये आलेल्या या अॅबॅकसला तेरा तारा, प्रत्येक तारेवर आडपट्टीच्या वर एक मणी आणि खाली चार. लुईव्हिलच्या अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या जुन्या संस्थेने तो तयार करून शाळांना पुरवला. टेलर फ्रेमवर मांडणी जशीच्या तशी राहते, अॅबॅकसवर ती हिशेबाबरोबर बदलत जाते, म्हणून अॅबॅकस खूप जलद. अमेरिकेतल्या परीक्षांत दृष्टिहीन विद्यार्थ्याचा अॅबॅकस कॅल्क्युलेटरच्या नव्हे तर कागद-पेन्सिलीच्या जोडीचा मानला जातो. हा निवाडा योग्यच आहे, कारण मणी हलवताना विचार मुलाचाच असतो.

1972 मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-35 हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला. किंमत 395 डॉलर. चारेक वर्षांत साधे कॅल्क्युलेटर वीसेक डॉलरांच्या आत मिळू लागले आणि डोळस विद्यार्थ्याची हातची आकडेमोड पाहता पाहता हलकी झाली. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी हा बदल उलटा ठरला. जुन्या यांत्रिक साधनांवर निदान बोट फिरवता येत असे. नव्या यंत्राचे उत्तर गुळगुळीत काचेखाली लाल दिव्यांत उमटे, आणि त्यात स्पर्शाला सापडण्यासारखे काहीच नव्हते. कळा चाचपून आकडे भरता येत, पण उत्तर ऐकायला दुसरा माणूस लागे.

टेलेसेन्सरी कंपनीची पार्श्वभूमी इथे महत्त्वाची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन लिन्व्हिल यांची मुलगी लहानपणीच दृष्टिहीन झाली होती. छापील अक्षर बोटाखालच्या थरथरणाऱ्या बारीक पिनांवर उमटवणारे ऑप्टॅकॉन हे यंत्र त्यांनी जेम्स ब्लिस यांच्यासह विकसित केले, आणि ते विकण्यासाठी ही कंपनी निघाली. म्हणजे दृष्टिहीन ग्राहक हाच तिचा मुख्य ग्राहक होता. कॅल्क्युलेटरला आवाज देण्याचा विचार तिथे सुचणे स्वाभाविक होते. तांत्रिक अडचण मात्र भारी होती. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज अंकांच्या रूपात साठवायचा तर एका सेकंदाला 64,000 बिट लागतात. त्या काळच्या स्वस्त स्मृती-चिपमध्ये एकूण जागाच काही हजार बिटांची. साधे दहा अंकही त्यात मावणार नव्हते.

हा पेच बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ फॉरेस्ट मोझर यांनी सोडवला. माणसाच्या आवाजाची लहर नीट पाहिली तर तीत पुनरावृत्ती फार असते. स्वर लांबतो तेव्हा एकच लहर जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा पुन्हा येते, म्हणजे ती एकदा साठवून अनेकदा वाजवता येते. लहरीचे घटक थोडे सरकवून तिचे दोन अर्धे आरशातल्या प्रतिमेसारखे केले तर एकच अर्धा साठवून भागते, आणि कान हा बदल ओळखत नाही. क्षीण भाग गाळले तरी शब्द कळतो. अशा छाटणीने आवाजासाठी लागणारी जागा कित्येक पटींनी कमी झाली. मोझर यांनी 1974 मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि टेलेसेन्सरीने ती वापरण्याचे हक्क घेतले. सिलिकॉन सिस्टिम्स या कंपनीने तयार केलेल्या एस 14001 ए या चिपवर ती बसवण्यात आली. आवाज निर्माण करणारी स्वयंपूर्ण चिप म्हणून हिचे स्थान इतिहासात अगदी आरंभीचे आहे.

स्पीच प्लसला 24 शब्द येत होते. शून्यासाठी ‘ओ’, मग एक ते नऊ, दशांश चिन्हासाठी ‘पॉइंट’, क्रियांची नावे, ‘पर्सेंट’, ‘रूट’, ‘क्लिअर’, दोन संख्यांची अदलाबदल सांगणारा ‘स्वॅप’, आकडा आवाक्याबाहेर गेला की ‘ओव्हरफ्लो’. सगळी उत्तरे तो एकेक अंक उच्चारून सांगे. आवाज यांत्रिक आणि खरखरीत होता, तरी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांत घोटाळा होत नसे, आणि गणिताला तेवढे पुरेसे होते. पहिल्यांदाच प्रत्येक कळ दाबताक्षणी तपासता येऊ लागली. टेलर फ्रेमवर चुकीच्या दिशेने बसलेला टाइप उत्तर चुकेपर्यंत कळत नसे. इथे चूक लगेच कानावर पडे. किंमत मात्र शेकडो डॉलरांत होती. त्याच वर्षी, जानेवारी 1976 मध्ये, रे कुर्झवाइल यांचे छापील पुस्तक मोठ्याने वाचणारे यंत्र जगापुढे आले. ते कपाटाएवढे आणि संस्थांनाच परवडणारे होते. खिशात ठेवून वर्गात नेता येईल असे बोलके साधन कॅल्क्युलेटरच ठरले.

दृष्टिहीनांसाठीची साधने ही सर्वसामान्य तंत्रज्ञानाची उपउत्पादने असतात, असा एक समज रूढ आहे. या चिपची वाटचाल त्याच्या नेमकी उलट झाली. कॅल्क्युलेटरसाठी तयार झालेली चिप नंतर फिडेलिटी कंपनीच्या बोलक्या बुद्धिबळ-यंत्रात गेली आणि 1980 मध्ये ‘बर्झर्क’ या खेळातल्या यंत्रमानवांना आवाज देऊ लागली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ‘स्पीक अँड स्पेल’ हे मुलांना शब्दलेखन शिकवणारे खेळणे 1978 मध्ये आले, त्यातली पद्धत वेगळी होती, पण बोलणाऱ्या वस्तूंची बाजारपेठ त्यानेच खरी वाढवली. 1980च्या सुमारास शार्पसारख्या जपानी कंपन्यांनी बोलकी घड्याळे आणि बोलके कॅल्क्युलेटर घाऊक प्रमाणात तयार केले. किंमत उतरली, आवाज स्पष्ट झाला, आणि या यंत्रांनी पूर्ण संख्या वाचायला सुरुवात केली: ‘वन टू फाइव्ह’ऐवजी ‘वन हंड्रेड ट्वेन्टी फाइव्ह’. उत्तर पुन्हा ऐकवणारी कळ आणि कानात लावायचा इअरफोन या दोन सोयींमुळे ते वर्गात वापरण्याजोगे झाले. वर्गात किंवा परीक्षेच्या खोलीत मोठ्याने उत्तर सांगणारे यंत्र दुसऱ्यांना त्रासदायक, आणि विद्यार्थ्यालाही संकोचाचे.

यंत्र वापरात आल्यावर त्याची उणीवही दिसू लागली. डोळ्यापुढचा आकडा हवा तितका वेळ तिथेच थांबतो. कानावरचा आकडा उच्चारताच संपतो. आठ अंकी उत्तर एकदा ऐकून वहीत उतरवायचे म्हणजे ते तेवढा वेळ डोक्यात धरावे लागते, आणि मधल्या पायऱ्यांची संख्या वाढली की हे धरणे सुटते. म्हणून जाणते शिक्षक मुलांना आधी उत्तराचा अंदाज करायला लावतात, मधली उत्तरे यंत्राच्या स्मृतीकळांत साठवायला शिकवतात, आणि कित्येकदा शेजारी अॅबॅकस ठेवून त्यावर मधला आकडा मांडून ठेवायला सांगतात. आकड्याला मुक्कामाची जागा अॅबॅकस देतो, वेग यंत्र देते. शिवाय स्थानमूल्य, हातचा, उसना यांची समज बोटांतून आलेली असेल तरच कॅल्क्युलेटरचे चुकीचे उत्तर खटकते. ज्या मुलाला यंत्र आधी आणि अॅबॅकस कधीच मिळाला नाही, त्याला दशांश चिन्ह एक घर सरकले तरी कळत नाही.

वरच्या गणितात अडचण आणखी वाढते. कान एकामागून एक ऐकतो, सूत्र मात्र वर-खाली पसरलेले असते. ‘अ अधिक ब भागिले क’ एवढेच ऐकले तर भागाकार फक्त ‘ब’चा की ‘अ अधिक ब’ या सगळ्याचा, हे ठरवता येत नाही. नेमेथ यांनी आपल्याला वाचून दाखवणाऱ्यांसाठी असे संदिग्ध न राहणारे उच्चारनियम घातले होते. अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे त्यात बोलून सांगायचे. याच प्रश्नावरचे एक अव्वल काम पुण्याशी जोडलेले आहे. टी. व्ही. रामन यांचे बालपण पुण्यात गेले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणिताची पदवी घेतली, आयआयटी मुंबईत पुढचे शिक्षण झाले, आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 1994 मध्ये त्यांनी ‘अॅस्टर’ या प्रणालीवर पीएच.डी. केली. संगणकावर लिहिलेले गणिती लेख ही प्रणाली मोठ्याने वाचते, आणि वाचताना आवाजाचाच उपयोग करते: घातांक आला की सूर चढतो, खालची निर्देशिका आली की उतरतो. सूत्राचा आकार असा सुरांत उमटतो. या प्रबंधाला अमेरिकेच्या संगणक संघटनेचा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. कॅल्क्युलेटर अंक बोलत होता, रामन यांनी गणिताची रचना ऐकवली. हा पल्ला पहिल्यापेक्षा अधिक अवघड होता.

यंत्रांच्या बाजूने वैज्ञानिक कॅल्क्युलेटर बोलके व्हायला 1990चे दशक उजाडावे लागले. ऑर्बिट रिसर्च या अमेरिकन कंपनीने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रचलित कॅल्क्युलेटरना आवाज जोडून ‘ओरायन’ मालिका तयार केली. नवे यंत्र घडवण्यापेक्षा वर्गात सगळे जे वापरतात तेच बोलके करणे, हा यामागचा निर्णय शहाणपणाचा होता. शिक्षकाने फळ्यावर सांगितलेल्या कळांचा क्रम दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही लागू पडू लागला. 2010 नंतर याच मालिकेत आलेख काढणारा टीआय-84 प्लस बोलका झाला. आलेखासाठी शब्द फारसे उपयोगी नसतात, म्हणून तो सुरांनी ऐकवतात. वक्र वर जाताना सूर चढतो, खाली येताना उतरतो, आणि डावीकडून उजवीकडे सरकणारा बिंदू डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे जातो. अन्वस्त ऐकला की सूर उतरून एका क्षणी वळतो आणि पुन्हा चढू लागतो. ओरेगनमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन गार्डनर यांची दृष्टी 1988 मध्ये गेली, त्यानंतर त्यांनीही संगणकावर चालणारा असा ध्वनि-आलेखी कॅल्क्युलेटर विकसित केला. डेस्मॉस या महाजालावरच्या मोफत आलेखसाधनात आज ही सोय आहे.

वेगळ्या यंत्राची गरज नंतर कमी होत गेली. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी 2006 मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर संगणकावरचा कोणताही कॅल्क्युलेटर बोलका करतो. 2009 मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आले, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक. आता बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या खिशात बोलका कॅल्क्युलेटर असतोच. तरी कळा असलेले जुने यंत्र शाळेत टिकून आहे. पाचाच्या कळीवरचे उंच टिंब बोटाला सापडले की बाकीची नऊ घरे आपोआप कळतात, हात न उचलता लांब आकडा भरता येतो. काचेच्या पडद्यावर प्रत्येक अंक आधी चाचपून शोधायचा आणि मग दोनदा टिचकी मारायची. शिवाय परीक्षेच्या खोलीत फोनला बंदी असते.

परीक्षा हा भारतातला कळीचा मुद्दा आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत दृष्टिहीन विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित किंवा दुसरा विषय घेण्याची मुभा दीर्घकाळ दिली गेली. हेतू सवलतीचा होता. परिणाम असा झाला की शाळांनी गणित शिकवण्याची उमेदच सोडली. विषय सोडून देता येतो म्हटल्यावर साधनांवर खर्च करण्याचे, नेमेथ लिपी शिकलेला शिक्षक नेमण्याचे कारण उरले नाही, आणि दहावीलाच गणित सुटलेल्या मुलासाठी विज्ञान, संगणक, सांख्यिकी, वाणिज्यातले बरेच मार्ग बंद झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 मध्ये सुरू झालेल्या झेवियर्स रिसोर्स सेंटरसारख्या संस्थांनी दृष्टिहीनांना गणित आणि विज्ञान शिकता येते, अडथळा साधनांचा आणि नियमांचा आहे, ही भूमिका सातत्याने मांडली. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने फेब्रुवारी 2013 मध्ये अपंग परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिकाबरोबरच टेलर फ्रेम, ब्रेल पाटी, अॅबॅकस, भूमितीची पेटी, ब्रेल मोजपट्टी यांना आणि बोलक्या कॅल्क्युलेटरलाही परवानगी आहे. कॅल्क्युलेटरपुरती अट एकच: ज्या परीक्षेत इतरांना कॅल्क्युलेटर चालतो त्याच परीक्षेत. अट न्याय्य आहे. पण कॅल्क्युलेटरला मनाई असलेल्या शालेय परीक्षांत बोलका कॅल्क्युलेटरही दाराबाहेरच राहतो, आणि आतल्या बाकावर मणी आणि टाइपच लागतात. या दोन साधनांचे शिक्षण टाळणारी शाळा आपल्या विद्यार्थ्यांना रिकाम्या हाताने परीक्षेला पाठवते. साधने मिळण्याची वाट तशी जुनी आहे. अपंगांना उपकरणे देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून चालू आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी आवाजाची भाषा हा आणखी एक प्रश्न. बाजारातले बहुतेक बोलके कॅल्क्युलेटर इंग्रजी बोलतात. त्यात केवळ विक्रीचे कारण नाही. इंग्रजीत शून्य ते एकोणीस, मग दहांच्या पटींची आठ नावे, आणि शंभर, हजार, दशलक्ष यांचे शब्द, अशा तिसेक शब्दांच्या जोडणीतून दशलक्षांपर्यंतची कोणतीही संख्या उच्चारता येते. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत जवळपास प्रत्येक संख्येला स्वतंत्र रूप. ‘बत्तीस’ आणि ‘बेचाळीस’ यांतले दोन सारखे उच्चारले जात नाहीत, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ घाईत ऐकले तर फसवतात. जागा मोजूनमापून वापरणाऱ्या जुन्या चिपवर शंभर वेगळे शब्द बसवणे महागच पडले असते. दुसरी अडचण क्रमाची. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी येतो, कळ मात्र चाराची आधी दाबायची. संख्या ऐकून यंत्रात भरणाऱ्या लहान मुलाची चूक नेमकी इथे होते. बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 2019 मध्ये ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन पर्याय म्हणून आले तेव्हा बराच वाद झाला. त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरी संख्यानामांचा मुलांना होणारा त्रास हेच कारण दिले होते. दृष्टिहीन मुलाच्या बाबतीत त्या कारणाला दुप्पट वजन आहे, कारण त्याला आकड्याचे नावच मिळते, आकृती मिळत नाही. लाख-कोटींचेही तसेच: यंत्र ‘वन हंड्रेड ट्वेन्टी फाइव्ह थाउजंड’ म्हणते, मुलाच्या मनात तो सव्वा लाख असतो.

संगणक आणि फोनवर ही अडचण आता बरीच सुटली आहे. ईस्पीक या मोफत वाचन-प्रणालीत मराठी आहे, फोनचे मराठी आवाजही आहेत, आणि साठवणुकीची कमतरता कधीच संपली. सरावलेले विद्यार्थी तरीही संख्या पूर्ण वाचण्यापेक्षा अंकवार वाचन पसंत करतात: ‘चार सात पाच दोन’. ज्या क्रमाने ऐकू येते त्याच क्रमाने कळा दाबता येतात, आणि एक अंक हुकला तर तोच पुन्हा ऐकावा लागतो.